मामांच्या हातातली सळई

चॅनलच्या ऑफिसात तिला सगळे धुकेबाई म्हणायचे. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं. तिचं कामच तसं होतं, बातमीतल्या माणसांच्या तोंडावर धुकं पसरायचं. कुठे मारामारी झाली, कुठे गोळ्या सुटल्या, की जे बिचारे नुसतेच रस्त्याने चाललेले असतात आणि कॅमेऱ्यात सापडतात, त्यांना उद्या कोणी शोधत येऊ नये म्हणून त्यांचे चेहरे धूसर करून टाकायचे. बास, एवढंच काम. पण करून बघा म्हणजे कळेल!

टायरच्या दुकानाच्या वर चॅनलचं ऑफिस, आणि त्यात एक बिनखिडकीची खोली. एसी बंद केला की मशीन तापतात आणि चालू ठेवला की माणसं गारठतात, आणि मशीन महाग म्हणून माणसांनी गारठायचं असं ठरलेलं. धुकेबाई बारा महिने शाल गुंडाळून बसायची. पडद्यावर एक चेहरा पकडायचा, त्याच्याभोवती अंड्यासारखा गोल काढायचा, आतलं सगळं धूसर करायचं. मग तो गोल चेहऱ्याला चिकटून चालतो. म्हणजे चालला तर चालतो! माणूस खांबामागून गेला की गोल खुशाल खांबालाच चिकटून बसतो आणि माणूस उघड्या तोंडाने पुढे निघून जातो. मग एकेक चित्र पुढे सरकवत, हाताने, गोल परत त्याच्या तोंडावर नेऊन बसवायचा. टोपी काढून पळणाऱ्या पोराच्या मागे आई टोपी घेऊन धावते ना, अगदी तसं.

आणि तिला ते आवडायचं हो. मनापासून. तिला वाटायचं, आपण शहरातल्या सगळ्या साध्या माणसांना एकेक करून पांघरूण घालतोय. संध्याकाळी घरी चालत जाताना तिच्या डोळ्यांपुढे ते गोल तरंगतच असायचे. बसस्टॉपवर उभी माणसं, पायरीवर बसून फोनवर भांडणारी बाई, कपड्यांना इस्त्री करणारा, सगळ्यांच्या तोंडावर हलकेच एकेक पांढरट फुगा येऊन टेकायचा आणि ती चालली तसा तोही त्यांच्यासोबत हलायचा. कधी पाणी पिताना आरशात बघितलं तर स्वतःच्या तोंडावरही. ती हसायची आणि तोंड पुसायची.

शहरात एक टोळी होती. तिचं नाव कोणी घ्यायचं नाही, नुसतं ‘ते लोक’ म्हणायचे. ते लोक स्वतःचे व्हिडिओ स्वतःच काढायचे आणि स्वतःच सोडायचे. मोटरसायकलींची रांग, मागे उघड्या टपाची गाडी, वर धरलेल्या बंदुका, काळे चष्मे, खाली दणदणतं गाणं, आणि सगळं संथ, पाण्याखालून चालल्यासारखं. मग चॅनल तोच व्हिडिओ उचलणार, भोवती लाल चौकट लावणार, खाली धडामधूम वाजवणार, वर ‘दहशत’ लिहिणार आणि दिवसभर फिरवणार. रंग जरा फिके असले तर गडदसुद्धा करून देणार! ‘लग्न त्यांचं आणि वाजंत्री आमची, तीही फुकट,’ असं धुकेबाई आईला म्हणायची.

पण न कापलेलं सगळं तीच बघायची. ते लोक आधी लाइव्ह जायचे आणि मग नको ते कापून परत टाकायचे, आणि चॅनलकडे ते लाइव्ह साठवलेलं असायचं. बंदूक उचलायच्या आधी एकजण मोटरसायकलच्या आरशात केस बसवायचा. एक इतका काटकुळा होता की बंदुकीचा पट्टा सारखा खांद्यावरून घसरायचा. एकाची तर चप्पल निसटली, आणि तो लंगडी घालत मागे आला, बंदूक छत्रीसारखी काखेत मारून चप्पल शोधत बसला, आणि मागची सगळी रांग त्याच्यासाठी खोळंबली! धुकेबाई एकटीच त्या थंड खोलीत खदाखदा हसली होती.

“दादा, हे दाखवा की एकदा,” ती न्यूज एडिटरला म्हणाली. त्याला सगळे ब्रेकिंगदादा म्हणायचे, कारण त्याच्या घरी दूध नासलं तरी ती ब्रेकिंग न्यूज असायची.

“चप्पल? अगं बाई, चप्पल दाखवली तर घाबरणार कोण?”

“घाबरायलाच हवं का?”

“मग बघणार कोण?” ब्रेकिंगदादा म्हणाला आणि निघून गेला.

म्हणजे चप्पल ते लोकही कापायचे आणि चॅनलही कापायचं. याबाबतीत दोघांचं अगदी एकमत. आणि एकदा गोल घसरून चुकून त्यांच्यातल्याच एकाच्या तोंडावर बसला, तर संध्याकाळी चॅनलच्या फोनवर निरोप आला, ‘आमच्या माणसाचं तोंड का झाकलं? परत असं करायचं नाही.’ ऑफिस आधी पोट धरून हसलं. मग हळूहळू सगळे गप्प झाले.

आता मामांबद्दल सांगायला हवं.

मामा चाव्या बनवायचे. चार पावलं टाकली की भिंत लागेल एवढं दुकान, भिंतीवर कोऱ्या चाव्यांचे घोसच्या घोस, आणि दारावर एक लाकडाची माणसाएवढी पिवळी चावी टांगलेली. धुकेबाईचे वडील ती लहान असतानाच गेले, तेव्हापासून तिची आणि तिच्या आईची सगळी काळजी मामांनीच वाहिलेली. ती शाळेतून यायची ती दुकानातच, आणि कानस घासल्याच्या आवाजात काउंटरखाली झोपून जायची. कुलपाच्या धंद्यात हत्यारं थोडी आणि विश्वास जास्त. स्वतःच्या घराची चावी आपण कोणाच्या हातात देतो, सांगा बरं? नवऱ्याला देतानासुद्धा बायका दोनदा विचार करतात! पण मामांना अख्खी गल्ली डोळे मिटून द्यायची. तीच त्यांची कमाई. टकलावर दोन केस नव्हते, पण गल्लीत नाव होतं.

आणि एका दुपारी ते लोक त्याच गल्लीतून गेले.

व्हिडिओ आला, धुकेबाईने शाल सावरली, गोल काढायला घेतले. फळांच्या गाडीजवळची बाई, झाकली. सायकलवाला, झाकला. आणि मग चित्र पुढे सरकलं. पिवळ्या चावीखाली, दुकानाच्या पायरीवर, मामा! शटर अर्धं ओढलेलं, हातात शटर ओढायची हूकवाली सळई, आणि ती सळई वर उचललेली. मागून उघडी गाडी चाललीय, सगळ्यांचे बंदूकवाले हात वर, आणि त्यांच्यातच मामांचाही हात वर.

मामांना कोणी ओळखलं तर? उद्या कोणी दुकानाशी येऊन उभं राहिलं तर? तिने गोल काढला. घसरला, परत बसवला. एरवी ती भराभर काम उरकायची, पण मामांसाठी तिने डोळ्यांत तेल घालून एकेक चित्र तपासलं. तोंड गेलं, कान गेले, टक्कल गेलं. मग तिची नजर सळईवर गेली. हे हातात काय आहे म्हणून कोणी विचारलं तर? नकोच ते. तिने सळईवरही धुकं घातलं. मामांना आपण असं लपवलंय की आता देवालाही सापडायचे नाहीत, या समाधानात तिने गरम चहा प्यायला.

वरची पिवळी चावी तशीच लखलखत राहिली होती. ती तिला दिसलीच नाही. जन्मापासून बघितलेली वस्तू दिसते का कधी माणसाला?

संध्याकाळी घरी आली तर आई टीव्हीसमोर. लाल चौकट, धडामधूम, ‘भरबाजारात दहशत’.

“अगं, हा कोण गं?” आईने विचारलं. “हा त्यांच्यातलाच दिसतोय. तोंड बघ कसं झाकलंय. आणि हातात काय, बंदूकच ना ती?”

व्हिडिओ संपला आणि परत सुरू झाला.

“थांब थांब,” आई पुढे सरकली. “ही तर दादाच्या दुकानावरची चावी! अगं हा तर आपला दादा!” आणि मग, आवाज एकदम खाली आणून, भिंतीला ऐकू जाऊ नये म्हणून, “दादाने काय केलं गं?”

सख्खी बहीण! सख्ख्या बहिणीने विचारलं की दादाने काय केलं! धुकेबाईने पडद्याकडे बघितलं. तिने इतकी वर्षं घातलेलं पांघरूण पहिल्यांदाच तिला बाहेरून दिसलं. उघड्या तोंडाचे, हसरे, केस बसवलेले ते लोक गाडीवर उभे, आणि बाजूला एक बिनचेहऱ्याचा माणूस, हातात काहीतरी भयंकर, इतकं भयंकर की दाखवताही येत नाही. पकडून नेलेल्या माणसाच्याच तोंडावर फडकं बघायची लोकांना सवय. जे झाकलं ते लोक आपापल्या मनाने काढून घेतात, आणि मनाने काढलेली बंदूक खऱ्या बंदुकीपेक्षा मोठी असते.

पुढचं सगळं वणव्यासारखं झालं. कोणीतरी त्या चित्राचा फोटो काढला, मामांभोवती लाल रेघ मारली, खाली लिहिलं, ‘टोळीचा चावीवाला’. तो फोटो गल्लीच्या ग्रुपवर, तिथून शेजारच्या गल्लीच्या ग्रुपवर, तिथून मामांच्या स्वतःच्या फोनवर! ‘कर नाही त्याला डर कशाला, तोंड का झाकलं मग?’ एकजण. ‘माझ्या कपाटाची चावी यानेच बनवलीय हो,’ दुसरा. ‘तरीच!’ तिसरा. तरीच काय, ते कोणीच सांगेना.

दुकानात माणूस फिरकेना. दुकानाच्या वरच राहणाऱ्या काकूंनी तर दुसऱ्याच दिवशी कुलूप बदललं, आणि नवीन कुलूप पिशवीत लपवून मामांच्या दुकानासमोरून नेलं, तेही पिशवीतून अर्धं बाहेर. एक माणूस आला, पण चावी हातातून सोडेचना. “मी धरतो, तुम्ही घासा,” म्हणाला. आता चावी धरून कशी घासायची? गेला.

“चोर सोडून संन्याशाला फाशी!” मामी फोनवर तडतडत होती. “ते बंदुका नाचवत गेले, त्यांना कोणी काही विचारत नाही, आणि आमच्या ह्यांना बघून लोक रस्ता बदलतात. महिनाभर असंच चाललं ना, तर दुकानाला आपलंच कुलूप लावायचं. आणि हे बोलतसुद्धा नाहीत गं काही! नुसते बसलेत कानस घासत!”

धुकेबाई ब्रेकिंगदादापुढे जाऊन उभी राहिली. “ते माझे मामा आहेत. त्यांच्या हातात शटरची सळई आहे. आपण सांगायला पाहिजे.”

“आपण कुठे काय म्हटलं त्यांना?” तो खरंच बुचकळ्यात पडला. “आपण तर उलट झाकलं. तूच झाकलंस.”

“म्हणूनच.”

“अगं, न झाकलेलं बाहेर जात नाही हा नियम कोणासाठी आहे? त्यांच्यासारख्यांसाठीच ना? उद्या तोंड दाखवलं आणि त्या लोकांनी काही केलं, तर तू मला जाब विचारणार.” मग तिचा चेहरा बघून जरा नरमला. “त्यांना विचार जा. ते हो म्हणाले तर बघू. पण त्यांच्या तोंडून हो आण.”

म्हणजे मामांना सांगावं लागणार होतं की हे धुकं तिचं. जाताना वाटभर तिला कोणाच्याच तोंडावर गोल दिसला नाही. सगळे चेहरे उघडे, स्वच्छ, एकेका सुरकुतीसकट, आणि सगळे तिच्याकडेच बघतायत असं वाटत होतं. गल्ली लांबत चालली होती, स्वप्नात लांबते तशी. पिवळी चावी दिसत होती पण जवळ येतच नव्हती.

मामा कोऱ्या चाव्या घासत बसले होते. कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या चाव्या. काउंटरवर त्यांचा ढीग झाला होता आणि पितळेचा भुगा उन्हात सोन्यासारखा उडत होता.

“ये गं,” ते म्हणाले. “बस. गर्दी नाहीये आज.”

“मामा, ते...”

“तूच केलंस ना ते?”

तिने मान हलवली.

“मी तुझ्या मामीला तेव्हाच म्हटलं, माझं टक्कल झाकायची एवढी माया जगात दुसऱ्या कोणाला असणार?” आणि ते हसले. अहो, हसले! धुकेबाईला रडूच फुटलं. शालीत तोंड घालून ती काउंटरपाशी बसली, आणि मामा कानस बाजूला ठेवून तिच्या डोक्यावर थोपटत राहिले. हाताला पितळेचा वास होता.

“सळई कशाला उचललीत पण तुम्ही?” तिने नाक पुसत विचारलं.

“अगं, वरच्या वहिनी! ते लोक आले तशा फोन घेऊन कठड्यावरून निम्म्या बाहेर वाकल्या होत्या व्हिडिओ काढायला. वर गोळ्या सोडतायत मेले, आणि ह्यांना शूटिंग सुचतंय. ओरडलो, वहिनी आत व्हा, वहिनी आत व्हा! त्या आवाजात ऐकू जातंय कुठे? मग सळईने खुणावलं. त्यांनी फोनमधून मान वर केली तर शपथ.”

“मग सांगा ना त्यांना! त्यांनीच तर कुलूप बदललं!”

“काय सांगू? आता सांगायला गेलो तर म्हणतील सारवासारव करतोय.”

धुकेबाईला ते चित्र आठवलं, न झाकलेलं. मामांचे डोळे गाडीकडे नव्हतेच. वर होते. सळईसुद्धा वर, कठड्याकडे. तिने नेमकं काय झाकलं होतं? नजर आणि सळई. जे सगळं सांगत होतं तेवढंच!

“मामा, तोंड दाखवू का तुमचं? पण त्या लोकांनी काही...”

“त्या लोकांनी मला तोंडावर बघितलंय. माझ्या समोरूनच गेले ते, हात लांब केला असता तर लागला असता. त्यांच्यापासून तू मला कशी लपवणार?” मामा म्हणाले. “तू मला लपवलंस ते माझ्याच गल्लीपासून. दाखव. टकलासकट दाखव.”

दुसऱ्या दिवशी तिने मूळ व्हिडिओ उघडला. सायकलवाल्यावर धुकं ठेवलं, फळवाल्या बाईवर ठेवलं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मामांवर काहीच घातलं नाही. आणि मग, कशी कोण जाणे, तिने चौकटच सरकवली. गाडी कडेला गेली, बंदुका कापल्या गेल्या, गाणं बंद केलं. राहिला फक्त एक म्हातारा माणूस पायरीवर, भेदरलेला, आ वासून वर बघत ओरडणारा, आणि वरच्या कोपऱ्यात कठडा आणि फोन धरलेली बाई. गाण्याखाली दबलेला आवाजही आता फाटका फाटका ऐकू येत होता. ‘...हिनी... आत... वहिनी!’

ब्रेकिंगदादाने बघितलं. “यात टोळी कुठंय?”

“आहे की कडेला. ते बघा, कोपर दिसतंय एकाचं.”

“कोपर!” त्याने कपाळावर हात मारला. पण त्याने ते परत एकदा बघितलं, आणि आणखी एकदा, आणि मग खाली काय लिहायचं ते त्याला सुचेना. ‘दहशत’ लिहिलेलं पुसलं. शेवटी नुसतं लिहिलं, ‘शटर ओढणारे चावीवाले काका शेजारणीला आत जायला सांगताना’. त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात लांब आणि सगळ्यात ढिली ब्रेकिंग न्यूज होती. दुपारच्या बातम्यांत लागली, लाल चौकटीशिवाय.

त्या लोकांचा निरोप आलाच. ‘आम्हाला का कापलं?’ एवढाच. मामांबद्दल एक अक्षर नाही! त्यांना मामा दिसलेच नसतील, त्यांनी फक्त स्वतःला शोधलं असेल, आणि सापडलं काय, तर कोपर.

गल्लीच्या ग्रुपवर मात्र शुकशुकाट. ‘तरीच’ म्हणणारा कुठे गेला कोण जाणे. माफी कोणी मागितली नाही. लोक मागत नाहीत हो माफी, लोक हळूहळू दुसरं काहीतरी बोलायला लागतात.

सुट्टीच्या दिवशी धुकेबाई दुकानात जाऊन बसली. दोन माणसं येऊन आत न बघता गेली. एकजण थांबला, हवापाण्याचं बोलला, आणि गेला. ऊन काउंटरवर चढत होतं. मामा कोरी चावी घासत होते, आणि त्या आवाजात तिच्या डोळ्यांवर झोप येत होती, लहानपणी यायची तशी जड, गोड झोप, भिंतीवरचे घोस आपोआप हलताना दिसत होते.

जिना वाजला. वरच्या काकू खाली उतरल्या. दुकानासमोर थांबल्या. पुढे गेल्या. परत आल्या.

“नवीन कुलुपाच्या दोनच चाव्या आल्यात,” त्या काउंटरकडे बघत म्हणाल्या. “एक ह्यांच्याकडे असते, ते कामावर गेलेत. घरात माणसं चार.”

“कोणी सांगितलं होतं कुलूप बदलायला?” डबा घेऊन आलेली मामी आतून म्हणाली.

“तू गप गं,” मामा म्हणाले. “द्या वहिनी. किती करू?”

काकूंनी चावी पुढे केली. मामांनी हात पुढे केला. क्षणभर ती चावी दोघांच्या बोटांत होती. काकूंचे डोळे भरून आले होते, आणि त्या ते लपवायला इकडेतिकडे बघत होत्या, भिंतीवर, छताकडे, धुकेबाईकडे. धुकेबाईने डोळे मिटून घेतले, झोपल्याचं सोंग करून.

“दोन करा,” काकू म्हणाल्या. आणि त्यांनी चावी सोडली. “घर बंदच करून आलेय. मी बहिणीकडे जाऊन येते तोवर. दुपार होईल मला यायला.”

“सावकाश या,” मामा म्हणाले.

काकू गेल्या. मामांनी चावी शिकंज्यात धरली, शेजारी कोरी लावली, डोळे बारीक करून दातांकडे बघितलं, आणि कानस लावली.